एक तळाशी, शंभर वर

मी पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करतो. टेस्टर लावला की बिघाड कळतो. धाकट्या बहिणीच्या घरात मात्र टेस्टर नेमका कुठे लावायचा, हे मला अजून उमगलेलं नाही.

बहीण घरबसल्या शिवणकाम करते. तिची मुलगी ठमी शाळेत जायला लागली आणि हळूहळू बोलेनाशी झाली. आधी वर्गात, मग घरीसुद्धा. बहिणीने तिला सरळ शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. पुस्तक उघडलं की ठमी टेबलाखाली जायची, सापशिडीचा पट उघडला की बाहेर यायची, चार शब्द बोलायचीसुद्धा. मग काय, गणित सापशिडीवर, शब्द पत्त्यांवर आणि भूगोल म्हणे व्यापाराच्या खेळावर. सोंगट्या हरवल्या तेव्हा गिऱ्हाइकांची बटणं पटावर आली.

"अभ्यास कधी करता?" मी विचारायचो.

"हाच चाललाय की, दादा."

ऐटीत सांगायची, पण मला दारापर्यंत सोडायला आली की हळूच विचारायची, "मी बरोबर करतेय ना रे?" मी काय सांगणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी चपला घालत बसायचो.

परवा शिक्षण खात्याच्या बाई आल्या. ठमी घरी राहणार की शाळेत परत जाणार, हे त्या ठरवणार होत्या. आधार म्हणून बहिणीने मला बोलावलं होतं, आणि मीच दाराला टेकून उभा होतो.

"एक ते शंभर लिही बरं," बाईंनी कागद पुढे केला.

ठमीने अगदी तळाशी एक लिहिला. दहापर्यंत उजवीकडे गेली. अकरा दहाच्या डोक्यावर, आणि तिथून उलटी डावीकडे. वीसच्या वर एकवीस, पुन्हा उजवीकडे. बाईंनी कागद फिरवून पाहिला, चष्मा काढून पाहिला. सुलटा कुठला हे मलाही कळेना.

बहीण पांढरीफटक पडली. "तिने पट काढलाय," ती पुटपुटली. "कागदावर असं लिहीत नाहीत, हे सांगायचंच राहिलं माझ्याकडून."

"अठ्ठावीसनंतर काय येतं?" बाईंनी विचारलं.

"शिडी," ठमी म्हणाली. "चौऱ्याऐंशीला जाते. छप्पन्न घरं वाचतात."

बाईंचं पेन हवेतच राहिलं. चूक म्हणावं तर वजाबाकी बरोबर, बरोबर म्हणावं तर उत्तर भलतंच. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"शाळेत येशील का ग परत?"

ठमीने टेबलाकडे पाहिलं. बहिणीने गळ्यातली मापाची टेप मुठीत आवळली. आता ही टेबलाखाली जाणार, असं मला वाटलं.

"तिथे साप कुठे कुठे आहेत ते आधी सांगा," ठमी म्हणाली. "मागच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं."

बाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "आणखी एक वर्ष राहू दे घरी," एवढं म्हणून त्या उठल्या.

मला आनंद झाला, पण डोक्यातला गुंता काही सुटेना. निघताना दारात बहिणीने नेहमीचं काही विचारलं नाही. मीच विचारलं, "शाळेत झालं तरी काय होतं ग तिला?"

"मला कुठे माहीत, दादा," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच बोलली ती त्याबद्दल."