भाच्याचा फ्लेक्स आणि आक्काचा फोन

माझ्या भाच्याला सैन्यात बढती मिळाली आणि मंद्रूपच्या बाजारचौकात त्याचा फ्लेक्स लागला. आमच्याकडे बारशापासून निवडणुकीपर्यंत फ्लेक्सशिवाय पान हलत नाही. मधोमध वर्दीतला भाचा, त्याखाली त्याची तुकडी आणि नेमणुकीचं ठिकाण, आणि कडेने शुभेच्छुक म्हणून आम्ही सगळे, नात्यासकट, मोबाईल नंबरांसकट. माझा फोटो तर फरार आरोपीसारखा आला होता. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, मी म्हटलं, "अगं, ठिकाण कशाला छापायचं?"

"चोरी केलीय व्हय त्यानं? कळू दे की लोकांना."

तो फ्लेक्स गावाच्या ग्रुपवर गेला. तिथून कुठे कुठे गेला, देव जाणे.

पुढे सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवाले संध्याकाळ झाली की युद्ध पेटवायचे आणि आक्का ते बघत बसायची. भाच्याचा फोन लागत नव्हता. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि नेमके तेव्हाच तिला 'मुख्यालयातून' फोन येऊ लागले. बोलणारे साहेब हिंदीत बोलत, पण हाक मारताना 'आई' म्हणत. त्यांना घरातलं प्रत्येक नातं ठाऊक होतं. जवानांच्या घरच्यांसाठी एक ॲप आहे, त्यावर मुलाची खुशाली कळत राहील, असं त्यांनी सांगितलं. ते सांगतील तिथे आक्का बोट दाबत गेली. मग साहेब विचारत, मुलगा शेवटचं कुठून बोलला, तिथे थंडी होती का, पुढे कुठे नेणार म्हणाला. आक्का भरभरून सांगायची.

"लई गुणी मानूस हाय," ती मला म्हणाली. "सख्ख्या पोरावानी चौकशी करतोय."

मी तिला तसंच उठवून सोलापूरला सायबर पोलिसांकडे नेलं. तिथल्या अधिकाऱ्याने फोन पाहिला, बंद केला आणि मगच तो बोलायला लागला. फोन नुसता कमरेला खोचलेला असला तरी त्या ॲपमधून देशाबाहेर कुणीतरी तिचं बोलणं ऐकत होतं. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फार हळू बोलत होता.

"मावशी, यापुढं अनोळखी नंबरवरून मुलगा बोलला तरी विश्वास ठेवू नका. आवाजसुद्धा बनवता येतो."

फोन त्याने ठेवून घेतला. परतताना बसमध्ये आक्का म्हणाली, "माज्यामुळं त्याला काय झालं तर रं?" मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

जुन्याच नंबरचा एक साधा बटणांचा फोन मी तिला घेऊन दिला. एका रविवारी दुपारी मी तिच्याकडे जेवत असताना तो वाजला. नंबर अनोळखी, आवाज भाच्याचा. फोनचा आवाज एवढा मोठा, की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"आई, मी हाय. दोस्ताच्या फोनवरनं बोलतोय."

"कशावरनं तू हायस?"

"आगं, असं काय करतीस?"

"निगताना पिशवीत काय बांदलं हुतं मी? सांग."

"कडक भाकरी आन शेंगाचटणी." तो हसला. "दुसरं काय बांदतीस तू?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं. सोलापुरातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या पिशवीत दुसरं असतंच काय? हे तर कुणीही सांगितलं असतं. मी नकारार्थी मान हलवली. तिने फोन कापला. तो पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. आक्का त्यावर दोन्ही हात दाबून, तो थांबेपर्यंत बसून राहिली.

पुढे अधिकाऱ्याने चौकशी करून कळवलं, तो फोन भाच्यानेच केला होता. जिथे नेणार होते तिथे फोन चालत नाही, म्हणून निघण्याआधी त्याने मित्राचा मागून घेतला होता. त्यानंतर त्याची काहीच खबर नाही.

आता आक्का एकही फोन सोडत नाही. कर्जवाले, लॉटरीवाले, वीज तोडायची धमकी देणारे, कुणीही असो. मी समजावलं, रागावलो, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. परवा माझ्यासमोरच एक लांबलचक, परदेशी वाटणारा नंबर आला. मी हात पुढे करेपर्यंत तिने तो उचलला, आणि पलीकडचा माणूस काही बोलायच्या आत म्हणाली, "बोल बाळा. वळखलं मी तुला."