न जुळलेले पाच फूट

पोटच्या मुलीला काय शिकवावं, याचा हिशेब तुम्ही कधी अंगावर काटा येणाऱ्या गोष्टी ऐकत केलाय का? मी केलाय. लग्नाआधीच मॅट्रिक झाले होते, त्या जोरावर मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी नाशकात अशोकस्तंभाजवळ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात टायपिंगला आणि नकाशांच्या प्रिंट काढायला लागले, त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. घरं बांधणाऱ्यांच्या गोष्टी तिथे आपोआप साठत जायच्या, आम्ही कोणी गोळा करत नव्हतो.

एकोणऐंशी साली माझी माया बारावी झाली आणि आर्किटेक्ट व्हायचं म्हणून हट्ट धरून बसली. कॉलेज पुण्याला. हॉस्टेल, ड्रॉइंग बोर्ड, महागाचे कागद. आमचे हे म्हणाले, "तू त्या ऑफिसात असतेस, तूच ठरव." मग मी आमच्या आर्किटेक्ट सरांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, पाच वर्षं शिकायचं, मग दोन वर्षं कुणाकडे तरी शिपायाच्या पगारावर पेन्सिली झिजवायच्या. तोवर तिच्या मैत्रिणी डी.एड. करून शाळेत कायम झालेल्या असतील. आणि पुढे आपली गिऱ्हाइकं कशी असतात ते तुम्ही बघताच."

बघत होतेच.

*

देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार होते. फीचा शेवटचा हप्ता घर पूर्ण झाल्यावर द्यायचा, असं ठरलं होतं. सुभेदारांनी सगळं घर बांधलं, पण मागच्या भिंतीचा हातभर तुकडा गिलावा न करता तसाच ठेवला. त्यांच्या थोरल्या भावाचं घर ज्या आठवड्यात पूर्ण झालं, त्याच आठवड्यात भाऊ गेला होता. "काहीतरी बाकी असलेलं बरं असतं, साहेब," ते म्हणायचे. सर दर दिवाळीला जायचे, चहा पिऊन, उघड्या विटा बघून परत यायचे. असं पाच वर्षं चाललं.

सहाव्या वर्षी नातीचं लग्न निघालं आणि सुनेने तेवढी भिंत गिलावा करून रंगवून घेतली. पुढच्याच आठवड्यात पोस्टाने पूर्ण हप्त्याचा चेक आला. सही सुनेची होती.

सरांनी तो चेक तीन महिने बँकेत टाकला नाही.

*

आमचे ड्राफ्ट्समन गायकवाडकाका. डिग्री नाही, पण हात असा की सरसुद्धा त्यांच्या रेषेवर रेष मारत नसत. घराचं समोरचं चित्र काढलं की उंची कळावी म्हणून ते दाराशी एक छोटा माणूस उभा करायचे. सुरगाण्याहून एक शेतकरी आले होते, ते त्या माणसाकडेच बघत बसले. मग म्हणाले, "हा माझा बाप हाय. असाच एक खांदा पाडून उभा राहायचा. काढून टाका."

काकांनी ब्लेडने खरवडला. मी प्रिंट काढली, तर पुसट पण दिसतोच. पुन्हा खरवडला, पुन्हा दिसला. कागदावर पेनाचा दाब राहतो, असं काका समजावत होते. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "राहू द्या मग. एक खोली वाढवा."

त्या एका खोलीची फी त्यांनी आगाऊ दिली.

*

गंगापूर रोडला एका मास्तरांचं घर होतं. त्यांच्या पत्नीची एकच अट, एका खुर्चीत बसून घरातल्या सगळ्या खोल्यांची दारं दिसली पाहिजेत. सरांनी चार वेळा नकाशा बदलला. घर झाल्यावर बिल घेऊन गेले, तेव्हा बाई त्याच खुर्चीत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "हळू बोला, सगळे झोपलेत."

फाटकापाशी सोडायला आलेल्या मास्तरांना सरांनी सहज विचारलं, घरी कोण कोण असतं? "आम्ही दोघंच," मास्तर म्हणाले. बिल सरांच्या खिशातच राहिलं.

*

मनमाडचे एक गृहस्थ रेल्वेतून रिटायर झालेले. वडिलांच्या घरावर मजला चढवायचा होता. गायकवाडकाका जाऊन मापं घेऊन आले. माया त्या दिवसांत दुपारी माझ्याबरोबर ऑफिसात यायची, म्हणून काकांनी तिला ती मापं कागदावर मांडायला दिली. बाहेरून घर चाळीस फूट भरत होतं. आतल्या खोल्या आणि भिंती मिळून पस्तीस. "टेप सरकला असेल, पुन्हा जावं लागणार," काका वैतागले.

मायाने कुणाला न विचारता त्या पाच फुटांत एक चिंचोळी खोली काढली. तिला स्वयंपाकघरातून दार दिलं. आत एक कोनाडा, जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर. मी म्हटलं, इतक्या खाली कोनाडा कोण काढतं? ती म्हणाली, "वर काढून बघितला, आई. वर बरा वाटेना."

काका ती खोली खोडायला विसरले आणि मी तशीच प्रिंट काढली.

गृहस्थ आले, प्रिंट टेबलावर पसरली आणि त्यांचं बोट त्या कोनाड्यावर थांबलं. "आमच्या घरी कोण आलं होतं?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, मापं घ्यायला मी आलो तेवढाच, दुसरं कुणी नाही, मापात पाच फूट जुळेनात म्हणून पोरीने खोली काढली.

"पाच फूट मापात येतील हो. दार स्वयंपाकघरातून होतं, हे मापात येत नाही." मग बोट न उचलता म्हणाले, "आणि कोनाडा एवढाच खाली होता. तिचा हात पोचावा म्हणून."

कुणाचा हात, ते आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

त्यांनी मायाकडे बघितलं. मी सांगितलं की ही माझी मुलगी, हिला आर्किटेक्ट व्हायचंय, फॉर्मची उद्या शेवटची तारीख आहे, आणि आमचं अजून ठरत नाही. त्यांनी वरचा मजला रद्द केला, तरीही पूर्ण फी टेबलावर ठेवली आणि प्रिंटची बारीक घडी करून खिशात घातली. दारापर्यंत गेले आणि मागे वळून मला अगदी हळुवारपणे म्हणाले, "ताई, हिला नका शिकवू. किती घरांची अडचण होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या एस.टी.ने मी मायाला घेऊन पुण्याला गेले आणि तिचा फॉर्म भरला.