पलीकडच्या मंडळाचा गरुड

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला आजही पलीकडच्या मंडळाचा गरुड दिसतो.

नव्वदच्या दशकातला गणपती. आमच्या देखाव्यात हत्ती सोंड हलवणार होता, रस्त्यापलीकडं गरुड पंख. मोटार संथ चालावी म्हणून दोन्ही मंडळांनी एकाच दुकानातून व्होल्टेज कमी-जास्त करणारा स्वस्तातला डबा आणला. आमचा डबा मी नुसता मीटर लावून तपासला. काटा बरोब्बर दाखवत होता. पलीकडच्या बाळूनं मात्र दुकानातच स्कूटरचा बल्ब जोडून, लोड पडल्यावरही काटा न ढळणारा डबा निवडला होता.

मोटारीला सोंड जोडली, तसा आमचा काटा कोसळला आणि हत्ती गचके खाऊ लागला. पलीकडं गरुड जिवंत असल्यासारखा पंख पसरत होता. नुसता जळफळाट झाला माझा. त्यात गर्दीत सगळ्यात पुढं, आ वासून, माझे वडील, आमचे आण्णा!

"काय डोकं हाय की रं बाळूचं!"

परवा मी स्वतः बनवलेला पॉवर सप्लाय, तसलाच व्होल्टेजचा डबा, आण्णांना दाखवला. मोठा बल्ब जोडला, आकडा तसूभर हलला नाही. आण्णांनी चष्मा सावरून निरखून बघितलं.

"झकास," ते म्हणाले. "बाळूचा असाच हुता, न्हाय?"