दादाची जागा

"हा कॅप्टन होणार? अरे, याला कँटीनमध्ये पाठवा."

सर म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. माझा दादा बशी हातात धरून बसला होता.

भाईंदर पूर्वेच्या त्या क्लासमध्ये लष्करी अकादमीच्या प्रवेशाची तयारी करून घेत. दादा लेखी परीक्षा पास झाला होता. रविवारी मुलाखतीचा सराव असे, घरच्या कुणीतरी सोबत यायचं असे. आई हॉस्पिटलात आया. तिची ड्युटी होती, म्हणून मी गेले. सरावाआधी प्रत्येक मुलाला कपबशीतून चहा देत आणि तो कसा पितो ते सर बघत. दादाने चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि प्यायला. आमच्या घरी सगळे तसाच पितात. नवघरच्या नाक्यावर बाबा आणि त्यांच्याबरोबरचे बिगारी तसाच पितात. त्यात काही चुकतंय हे आम्हा दोघांना माहीतच नव्हतं.

मग सरांनी त्याला पूर्ण नाव विचारलं. मग गाव.

"परभणीकडचे काय? अच्छा, अच्छा. मग तू भरतीला जा ना, जवान हो. तुम लोगों में ताकत होती है. ऑफिसर व्हायला घरचं वातावरण लागतं."

"हो सर," दादा म्हणाला.

खऱ्या मुलाखतीला तो गेलाच नाही. भरतीत मात्र पहिल्या फटक्यात निवडला गेला.

काही वर्षांनी डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत कोसळली. दादा पेटीतून घरी आला. ज्या गल्लीला आमचं नाव माहीत नव्हतं, तिने त्याचा बॅनर लावला. क्लासनेही लावला. आमचा विद्यार्थी, आमचा अभिमान.

मी शांत मुलगी. पुस्तकात डोकं घालून बसणारी. यंदा बारावीला मार्क चांगले पडले आणि मी अडकले. अकादमी आता मुलींनाही घेते. तिथे जावं, की साध्या कॉलेजात कायदा शिकावा? रात्रंदिवस हाच विचार. आई दादाची वर्दी धुऊन, इस्त्री करून ठेवायची. ती बघितली की वाटायचं, त्याला जे मिळू दिलं नाही ते आपण मिळवावं. पुस्तक उघडलं की वाटायचं, मी इथली आहे. त्याच क्लासने याच प्रश्नावर मार्गदर्शन ठेवलं, तेव्हा नको नको म्हणत गेले. दुसरं विचारणार कुणाला?

माझ्या आधी एका बिल्डरच्या मुलाने हेच विचारलं.

"बेटा, मार्क बघ तुझे," सर म्हणाले. "चांगलं कॉलेज घे, मग बाहेर जा. कशाला उन्हात करिअर घालवतोस?"

मग मी उठले. सरांनी ओळखलं. स्टेजवर बोलावलं, डोक्यावर हात ठेवला.

"ही आपल्या शहिदाची बहीण. हिला काय सांगायचं? रक्तातच आहे हिच्या. बाळ, मुलींची भरती निघाली की सरळ माझ्याकडे ये. भावाची जागा घ्यायचीय तुला."

"सर, मी ऑफिसरच्या परीक्षेचं विचारलं."

"अगं, एकदम वर उडी कशाला?"

हॉल हसला. तेच हसणं. ओळखलं मी ते.

त्या मुलाचे मार्क यांनी बघितले. माझे विचारलेसुद्धा नाहीत. त्याने विचारलं तेव्हा यांना त्याचं पुढचं आयुष्य दिसलं. मी विचारलं तेव्हा यांना दिसली पेटी. दुसरी पेटी. दुसरा बॅनर.

माइक सरांच्या हातात होता. मी मागितला नाही. घेतला.

"माझा भाऊ लेखी पास होता. चहा बशीतून प्यायला म्हणून तुम्ही त्याला हसलात. तो तुमचा अभिमान नाही. तुमच्या बॅनरवरचा त्याचा फोटो उतरवा."

हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं.

"दुःखात आहे बिचारी," सर पुढच्या रांगेला म्हणाले.

"दुःखात आहे. खुळी नाही झालेय."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने हातातली इस्त्री बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मंग तू काय करनार?"

उत्तर तयार होतं. अकादमीला जायची माझी सगळी कारणं दादाची होती. माझं एकही नव्हतं. मेलेल्या माणसाच्या जागेवर मी उभी राहणार नाही. सरांनी ढकललं म्हणून नाही आणि रडू येतं म्हणूनही नाही. मी कायदा शिकणार. घाबरून नाही, मला तोच हवा आहे म्हणून. माझ्यासारख्या ज्या मुलीला अकादमी हवी असेल तिने जावं, आणि अधिकारी व्हायलाच जावं. तिला कुणी खालचं दार दाखवलं, तर मी तिच्या शेजारी उभी असेन.

आमच्या घराने एक माणूस दिलाय. यापुढे आमच्या दारात कुणी दुसरा मागायला आलं, तर आधी त्याने सांगायचं, त्याचा स्वतःचा मुलगा कुठल्या कॉलेजात शिकतो. ते सांगेपर्यंत मी त्याला उंबरा ओलांडू देणार नाही.