रताळ्याची टाळू

हागेनच्या डोंगरी खोऱ्यात कोइपाइतका बोलका माणूस शोधून सापडला नसता. भांडण मिटवायचं असलं की कुळाच्या वतीनं तोच हातात कुऱ्हाड घेऊन पटांगणात येरझाऱ्या घालायचा आणि बोलायचा. नेमकं तेच तोंड सुपारी-चुन्याच्या कॅन्सरनं खाल्लं. राजधानीत, मोर्सबीच्या इस्पितळात, डॉक्टरांनी वरचा उजवा जबडा टाळूसकट काढला. त्यानंतर सगळं बोलणं नाकातून यायला लागलं. पुढे इस्पितळातल्याच एका बाईनं साचा घेऊन टाळूचं भोक बुजवणारी गुलाबी कवळी करून दिली. ती भोकात बसली की बोलणं पुन्हा खणखणीत. बायको नोम्बा म्हणायची, "याला बूच लावल्यापासून माझे कान किटले बाई!"

अशात त्याचा भाचा टिमोथी चालवत असलेल्या बसखाली शेजारच्या कुळातला एक तरुण चिरडला. दोन्हीकडची घरं जळली. टिमोथीचा जीव वाचवायचा तर एकच मार्ग उरला होता: मेलेल्याच्या आईनं भर पटांगणात भरपाईच्या डुकरांच्या दोऱ्या हातात घ्यायच्या. त्या बोलूनच द्याव्या लागतात. मुक्या माणसानं दिलेली भरपाई कुणी मानत नाही.

भरपाईच्या दिवशी पटांगणात कोइपा जेमतेम बोलायला लागला होता, तोच मेलेल्याचा भाऊ केवा गर्दीतून धावत आला. "बोलून माझा भाऊ उठतो काय रे, म्हाताऱ्या?" म्हणत त्यानं दांडका गालावर हाणला. कवळी चिखलात पडली, ती त्यानं टाचेखाली चुरडली. केवाचं दुःख खरं होतं, पण हा नीचपणाच.

कोइपाच्या नाकातोंडातून रक्ताची धार लागली. 'थांबा' म्हणायला गेला तर नुसती फसफस. म्हणून त्यानं हात वर केला, आणि त्या हातात कुऱ्हाड होती! न बोलता उचललेली कुऱ्हाड म्हणजे चढाईचा हुकूम, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. जन्मभर कुऱ्हाड नाचवणाऱ्याला ऐन वेळी ते आठवलं नाही.

टिमोथीच्या पहिल्याच घावात केवाची दोन बोटं उडाली. दगड सुटले. एकाचं डोकं फुटलं, एक डुक्कर पोट फाटून किंचाळत पळालं.

कोइपानं कुऱ्हाड भिरकावली, नोम्बाच्या पिशवीतलं भाजलेलं रताळं ओढलं आणि त्याचा गरम गर बोटानं भोकात कोंबला. उघड्या जखमेवर तो विस्तवासारखा लागला.

"बस्स!" आवाज लख्ख निघाला. त्यानं टिमोथीचं मनगट धरलं. "टाक ती कुऱ्हाड!"

"मामा, त्यानं तुझं तोंड..."

"मामाचं तोंड मामा बघेल! अर्धं डॉक्टरांनी कापलं, त्यांना मारायला गेलो का मी? उरलेलं केवानं फोडलं. त्याची भरपाई मला नको. केवाच्या बोटांसाठी माझी डुकरीण वेगळी. माझ्या रक्तासाठी जो उठेल तो माझा कुणी नाही."

हात खाली आले. कोइपा दोऱ्या घेऊन मेलेल्याच्या आईपुढे गेला. "बाई, तुझ्या लेकाला..."

रताळं सुटलं, रक्तात कालवून हनुवटीवर ओघळलं. पुढचं सगळं नाकातून गेलं. तरी तो बोलत राहिला, रडत बोलत राहिला. एकही शब्द कुणाला उमगला नाही. केवा दातओठ खात म्हणाला, "घेऊ नको, आई. हा मुका आहे."

म्हातारीनं कोइपाची हनुवटी तळहातानं पुसली.

"मला कळलं," ती म्हणाली आणि दोऱ्या घेतल्या.