पुलापलीकडची खोली

कवळीताईंना सगळे कवळीताईच म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. बावन्न वर्षांतली तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे दात करण्यात घालवली होती. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन आत पाठवत. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात. म्हातारं माणूस आलं की ताई त्याचा जुना फोटो मागून घेत. समोरचा दात मुळात वाकडा असेल तर कवळीतही तो वाकडाच बसवत. "सरळ बसवला तर घरचे विचारतील, हे कोण आलं?" असं त्यांचं म्हणणं.

दवाखाना नदीपलीकडे, शेजारच्या राज्यात. घर अलीकडे. मधे पूल आणि वीस मिनिटांची बस. त्याच बसवर त्यांचे वडील, आप्पा, निवृत्त होईपर्यंत कंडक्टर होते. काचबिंदूने आता आप्पांचे दोन्ही डोळे गेले होते, पण घरात त्यांना काठी लागत नसे. खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं, डावीकडे वळलं की ओटा, हात वर केला की चहाचा डबा. दुपारी शेजारीण डोकावून जाई. संध्याकाळी ताई येत, तेव्हा चहा तयार असे, थोडा उतू गेलेला.

मग दोन राज्यांमधला एक करार संपला. पलीकडच्या सरकारने कळवलं, की यापुढे दातांच्या कामाचा परवाना फक्त आपल्या रहिवाशांना मिळेल. अलीकडच्या राज्यात तर पदवीशिवाय परवानाच नव्हता, आणि ताई शिकल्या होत्या हाताने, एका म्हाताऱ्या कारागिराच्या शेजारी बसून. म्हणजे घर ठेवायचं तर काम जाणार, काम ठेवायचं तर घर सोडायचं.

"आप्पा, आपण पलीकडे राहायला गेलो तर?" ताईंनी विचारलं.

"जन्मभर मी लोकांना पलीकडे नेऊन सोडलं," आप्पा म्हणाले. "स्वतः एक दिवस मुक्कामाला राहिलो नाही. आता काय राहतोय!"

परदेशात असलेल्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "तू ठरवशील ते. मी तुझ्या पाठीशी आहे." पाठीशी म्हणजे किती लांब, हे काही तो बोलला नाही.

ताईंनी तोडगा काढला. दवाखान्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली, एक खाट टाकली, दोन साड्या दोरीवर टांगल्या आणि त्या पत्त्यावर परवान्याचा अर्ज भरला. आठवड्याभरात चौकशीला माणूस आला. सभ्य होता, चपला दाराबाहेर काढून आत आला. त्याने खोलीभर नजर फिरवली.

"बाई, केर कुठे टाकता?"

ताईंची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथे टोपलीच नव्हती.

"साबणाचं वेष्टनसुद्धा काढलेलं नाही तुम्ही," तो हळूच म्हणाला. "मी महिन्याने परत येतो. तोवर इथे खरंच राहायला लागा."

म्हणून त्या आठवड्यातले चार दिवस तिथे झोपू लागल्या. तिथे झोप येईना आणि घरी गेल्यावर डोळे मिटत. तिसऱ्या आठवड्यात शेजारणीचा फोन आला. आप्पांनी सकाळी दूध तापवायला गॅस सुरू केला होता आणि काडी पेटवायची विसरले होते. घरभर वास कोंडला होता. ती वेळेवर आली म्हणून निभावलं.

त्या दिवशी ताईंनी आप्पांना विचारलं नाही. सरळ सामान बांधलं. आप्पा खाटेवर बसून आवाज ऐकत राहिले. एकदाच म्हणाले, "माझा विचार कोणी घेतलेला दिसत नाही."

"घेतला होता. तुम्ही नाही म्हणालात," ताई म्हणाल्या आणि पेटीचं झाकण दाबून बसवलं.

घर बंद ठेवलं की खराब होतं, म्हणून ते एका जोडप्याला अकरा महिन्यांच्या कराराने दिलं. त्यांना नुकतंच रांगायला लागलेलं एक मूल होतं.

पलीकडच्या खोलीत ताईंनी सगळं जुन्या घरासारखं मांडलं. खाट उत्तरेला, डावीकडे ओटा, वर चहाचा डबा. पहिल्या सकाळी आप्पा उठले आणि चालू लागले. नवव्या पावलाला भिंत आली. कपाळ आपटलं, रक्त आलं नाही, पण ते तिथेच भिंतीवर तळहात टेकून उभे राहिले. ताईंनी हाताला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. त्या दिवसापासून आप्पा खुर्चीतच बसू लागले. नेलं तर जेवायला येत, नेलं तर बाथरूमला जात. चहाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

ताईंना परवाना मिळाला. टेबल तेच, खिडकी तीच. आता बस पकडायची नव्हती, पाच मिनिटांत दवाखाना. पण हात चालेना. मेण जास्त तापे, दात उंच बसत. एकदा तर डॉक्टरच कवळी परत घेऊन आत आले. म्हणाले, "ताई, या बाईंचं तोंडच मिटत नाहीये." तीस वर्षांत असं झालं नव्हतं. दुपारी डबा खायला त्या खोलीवर येत. आप्पा सकाळी बसवले होते तसेच बसलेले असत. दोघं जेवत.

मनात ताईंनी ठरवून टाकलं, भाडेकरूंचा करार संपला की परत जायचं. दवाखान्यात त्या सांगू लागल्या, "आप्पांसाठी जावं लागणार हो." भावाला तेच सांगितलं, शेजारणीलाही. सांगताना बरं वाटे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या महिने खोडत.

दहाव्या महिन्यात भाडेकरूचा फोन आला. आणखी वर्षभर राहिलो तर चालेल का? ताईंनी फोनवर हात ठेवून आप्पांना विचारलं, "भाडेकरू विचारतायत. नाही सांगते. आपण जायचं ना परत?"

"मूल चालायला लागलं का त्यांचं?"

"लागलं म्हणतात."

"मग राहू दे त्यांना."

ताईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अहो, तुमच्यासाठीच तर जायचंय!"

"माझं नाव पुढे करू नकोस," आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला तिथलंही आता आठवेनासं झालंय. तुला जायचं असेल तर तुझ्यासाठी जाऊ. पण तिथे जाऊन तू दिवसभर काय करशील, ते सांग आधी."

ताईंनी फोनवरचा हात आणखी घट्ट दाबला. परवान्याशिवाय तिथे त्या कोणीच नव्हत्या, आणि इथे त्यांना राहायचं नव्हतं. इतके दिवस त्या आप्पांच्या आडून बोलत होत्या. आता आडोसा घ्यायलाही कोणी उरलं नव्हतं.

फोनवर समोरून "हॅलो, हॅलो" चाललं होतं.

"राहा तुम्ही," ताई म्हणाल्या. "कागद पाठवा, सही करते."

मग त्या बाथरूममध्ये गेल्या, कडी लावली, नळ सोडला आणि बादली भरून वाहू लागली तरी बाहेर आल्या नाहीत. आप्पांनी खुर्चीतून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक न मारता ते उठले, भिंत चाचपत दारापर्यंत आले आणि नुसतेच तिथे उभे राहिले.