मास्तरांनी सांगितलेलं माप

मधुमेह तपासणीच्या शिबिरात मला एकच काम दिलं होतं. आलेल्या माणसाची कंबर मोजायची आणि कागदावर लिहायची. मी मोजपट्टी डॉक्टरांच्या नळीसारखी गळ्यात अडकवून ऐटीत हिंडत होतो. चहा घ्यायला वाकलो आणि पट्टी सरळ पातेल्यात गेली. बाहेर काढून खसाखसा पुसली, तर पट्टी उरली, आकडे गेले. सांगायची लाज वाटली, म्हणून मी तोंडीच विचारत सुटलो, "पँटचं माप काय हो तुमचं?" पस्तीसच्या पुढचा रक्त तपासायच्या रांगेत, आतला घरी.

समोरच्या शिंपीमास्तरांचा धाकटा भाऊ "चौतीस" म्हणाला आणि घरी गेला.

आता मास्तर म्हणजे कुणाचं मन न मोडणारा माणूस. धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका जाड्या गिऱ्हाइकाला कमरेचा खरा आकडा सांगितला. तो कापड काखेत मारून गेला तो परत फिरकला नाही. तेव्हापासून मास्तर वहीत खरं लिहायचे आणि तोंडानं चार-पाच इंच कमी सांगायचे. "कापड फाटलं तर रफू करता येतं," ते म्हणायचे, "माणसाचं तोंड उतरलं तर काय करणार?" माझ्या ढेरीचीही त्यांनी अशीच वर्षानुवर्षं अब्रू राखली होती.

धाकटा बसच्या तिकीटखिडकीत बसून नोकरी करायचा. आईबाप लवकर गेले, त्याला लहानाचा मोठा मास्तरांनीच केला. त्याच्या पँटी अर्थातच घरच्या. दरवर्षी माप व्हायचं, दरवर्षी मास्तर "चौतीस" म्हणायचे. वहीत गेल्या खेपेला एकोणचाळीस होते.

शिबिरातून तो थेट दुकानात आला.

"दादा, पास झालो. चौतीस म्हटल्यावर रक्तसुद्धा घेतलं नाही माझं."

मास्तरांची कात्री कापडात तशीच थांबली. "तरी एकदा तपासून घे रे."

"तुझं आपलं काहीतरीच. धडधाकट माणसाला कशाला सुया टोचायच्या?"

मास्तर हसले, गिऱ्हाइकासमोर हसतात तसे. उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. उद्याला काय तोटा असतो? तीन वर्षं रोज एक नवा उद्या मिळत गेला.

मग धाकट्याच्या अंगठ्याला चप्पल लागली. एवढासा फोड, पण बरा होईना. काळा पडला, तेव्हा कुठे कुणीतरी साखर तपासली. महिनाभरात पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दवाखान्याच्या बाकावर मी मास्तरांना चहात पडलेल्या पट्टीची हकीकत सांगून टाकली. वाटलं, चार शिव्या देतील, मला जरा बरं वाटेल. उलट मास्तरांनीच हलक्या आवाजात मला वहीतला आकडा सांगितला.

परवा धाकट्याला रिक्षातून दुकानात आणलं. पाय काढल्यानंतर त्याचं अंगच धरेना, जुन्या पँटी कमरेवर ठरेनात. मी त्याला काखेत हात घालून उभं केलं. मास्तरांनी पट्टी फिरवली, मग खाली बसून एका पायाची लांबी घेतली, दुसऱ्याची गुडघ्यापर्यंत घेतली.

"किती भरली रे कंबर, दादा? बायको सारखी म्हणते, पार काडी झालात."

"तीस," मास्तर म्हणाले.

"तीस?" धाकट्याचा चेहरा खुलला. "मग बरा आहे की मी. उगाच घाबरवते बाई."

त्याला रिक्षात बसवून मी पुन्हा आत आलो. मास्तर पाठमोरे वहीत लिहीत होते.

मी हळूच विचारलं, "मास्तर, या खेपेला तरी खरं सांगितलंत ना?"

"सव्वीस आहे."